खाटीक झिसिसची धर्मलेकरं

रविवार, १९ फेब्रुवारी १९७८

सगळ्यात आधी टपकली ती देस्पिना. बोलावलं होतं तीनला, ही दोनलाच दारात. म्हणे बस लवकर आली. बस कसली! रस्त्याच्या समोरच्या बाजूला राहते. मुलगी बघायला येणाऱ्या घरातली एक बाई नेहमी आधी येते, पसारा कपाटात कोंबायच्या आत बघायला. मी काय दुधखुळी आहे? मी एक वाजताच आवरून बसले होते. तरी बयेनं फ्रिजच्या माथ्यावरून बोट फिरवलं आणि रुमालाला पुसलं. रुमाल कोरा. चेहरा बघण्यासारखा झाला.

मग तिचा भाऊ नौम आला, आणि नौमचा नातू स्तेर्यो. त्याचे आईबाप फ्लोरिडात, ते फोनवरूनच हो म्हणून मोकळे झालेत. नौमच्या दुकानातून आमच्या दुकानात यायला सिग्नल धरून एक मिनिट लागतं. नौमला चाळीस वर्षं लागली.

कोको, दुसरं काय! माझा नवरा अर्गीर आणि हा नौम एका गावचे, एका बोटीतून आलेले, एका खोलीत झोपणारे. नदीच्या धक्क्याजवळ दोघांनी मिळून दुकान काढलं. आमच्या गावचं कालवण विकायचे – खिमा थंड पाण्यात हातानं कुस्करायचा, गुठळी एक राहता कामा नये, मग दालचिनी, लवंग, तमालपत्र, वरून व्हिनेगर, आणि मंद आचेवर विसरून जायचं. कोणी खाईना. मग पाटीवर नाव बदलून 'चिली' केलं, खाली स्पॅगेटी घातली, वर पिवळ्या चीजचा डोंगर रचला, आणि सगळं सिनसिनाटी रांगेला लागलं. आमच्या चिलीत मिरची शोधायला भिंग लागतं. एकदा एक टेक्ससवाला आला, एक घास खाल्ला आणि म्हणाला ही चिली नव्हे. अर्गीर म्हणाला, नव्हेच, गुपचूप खा. त्यानं तीन बशा खाल्ल्या आणि जाताना पुन्हा म्हणाला, ही चिली नव्हे.

तर कोको. एके दिवशी अर्गीरला फडताळात कोकोचा डबा सापडला. नौम चोरून टाकत होता. झालं! दुसऱ्याच्या बायकोला हात लावला असता तरी अर्गीर इतका भडकला नसता. नौमनं रस्त्यापलीकडे वेगळं दुकान टाकलं, आणि तेव्हापासून आमच्यातल्या कोणी रस्ता ओलांडला नाही. अर्गीर नऊ वर्षांमागे गेला, त्याच्या मातीला नौम चर्चच्या बाहेर पायऱ्यांवर उभा राहिला. आत आला नाही.

मग परवा जानेवारीत ते वादळ आलं. नदी गोठली, चीजचा ट्रक अडकला. माझी नात एव्गेनिया कोणाला न विचारता रस्ता ओलांडून उसनं चीज आणायला गेली. आली ती गाल लाल करून. मला वाटलं थंडीनं.

आज सगळ्यांना बजावून ठेवलं होतं, कोकोचं नाव काढायचं नाही. माझा तोमास, एव्गेनियाचा बाप, तोंडाला कुलूप लावून बसला होता. मी सफरचंदी मुरंबा दिला, चमचे दिले, पाण्याचे पेले दिले. नौम मला पूर्वीसारखा वहिनी म्हणाला. सगळं कसं लोण्यासारखं चाललं होतं – आणि माझी सून रोझमेरी, जर्मन पोर, बिचारीचा काय दोष, ट्रे घेऊन आली आणि म्हणाली, बाहेर बर्फ आहे, कोणाला गरम कोको?

तोमासचे कान लाल. नौमनं माझ्याकडे बघितलं, मग कपाकडे, आणि म्हणाला, "मला चालेल."

मी हसले. नौम हसला. हसता हसता मला ठसका लागला. वाटलं, चला, मिटलं.

तेवढ्यात देस्पिनानं चमचा खाली ठेवला आणि विचारलं, मुलीच्या बाप्तिस्म्याला धर्मबाप कोण होता?

तोमास म्हणाला, झिसिस खाटीक.

देस्पिना म्हणाली, "आमच्या पोराचाही झिसिसच."

संपलं. एका धर्मबापाची दोन लेकरं म्हणजे भाऊ-बहीण. भावा-बहिणीचं लग्न लागत नाही. मुरंबा तसाच राहिला.

सोमवार, २० फेब्रुवारी

एव्गेनिया सकाळपासून चीज किसते आहे. गिऱ्हाइकं नाहीत तरी. बोट किसलं, पट्टी लावली, पुन्हा किसते आहे.

बुधवार, २२ फेब्रुवारी

चूक कोणाची म्हणून विचारशील तर सगळ्यांची. सगळ्या चिलीवाल्यांची. झिसिस आमचा खिमावाला. सोमवारी पहाटे पहिला, ताजा, कमी चरबीचा खिमा कोणाच्या दारात उतरणार, हे झिसिसच्या मनावर. आणि झिसिस माणूस आपल्या धर्मलेकरांच्या घरी पहिला जायचा. मग काय, ज्याच्या घरी पाळणा हलला तो झिसिसकडे धावला. नौमही धावला, आम्हीही धावलो. शहराच्या या टोकापासून त्या टोकापर्यंत ज्या ज्या पोरानं लहानपणी काउंटरखाली बसून बिस्किटं खाल्ली, ते ते पोर झिसिसनं पाण्यात बुडवलंय, तेल लावलंय. खिम्यासाठी पोरं वाहिली आम्ही! आणि कोणाच्या डोक्यात आलं नाही की ही पोरं मोठी होतील, आणि मग कोणाशी लग्न करतील? टेक्ससवाल्यांशी?

आज वृद्धाश्रमात झिसिसला भेटून आले. चाकाच्या खुर्चीत बसलाय, कान गेलेत, पण मिशीला अजून मेण लावतो. मी ओरडून सांगितलं, झिसिस, तुझी दोन लेकरं लग्न करायचं म्हणतात. त्याला वाटलं कौतुक करते. भिंतीवरचे फोटो दाखवायला लागला – ही माझी, हा माझा, हे दोघं माझे. सगळ्यांची नाकं वेगळी, सगळी त्याची. मग मला विचारलं, आता कोणाकडून खिमा घेता? मी सांगितलं. तो म्हणाला, चरबी मिसळतो तो माणूस.

एवढं मात्र खरं बोलला.

रविवार, २६ फेब्रुवारी

फादरना विचारलं. आमच्या ऑर्थोडॉक्स चर्चचे फादर पोरगेलेसे, दाढी सुद्धा अजून नीट भरली नाही. आधी म्हणाले होत नाही. मग म्हणाले बहुधा होत नाही. मग म्हणाले बिशपना विचारतो. मी म्हटलं, बिशपना लवकर विचारा, नात माझी चीजबरोबर स्वतःलाही किसून टाकेल.

रोझमेरी म्हणते, आई, आमच्या कॅथलिक चर्चमध्ये लावू या. तिचा जीव चांगला आहे. पण तुमच्यात शुक्रवारी मटण बंद म्हणून उपासाच्या दिवसांत आमचं दुकान ओस पडतं, तुमच्यावर माझा आधीच राग आहे, असं मी तिला म्हटलं. ती हसली. आमची सून हसते, म्हणून घर चालतंय.

एव्गेनियाला विचारलं, तुला काय हवंय ते सांग. ती म्हणाली, स्तेर्यो म्हणतो नदीपलीकडे कोर्टात जाऊ, दहा मिनिटांचं काम. मी म्हटलं, मग?

"मला चर्चमध्ये डोक्यावर लग्नाचे मुकुट हवेत आजी. आणि दोन्ही घरं एका बाजूला उभी हवीत. कोर्टात काय, ड्रायव्हिंगचं लायसन्सपण मिळतं."

हिची जीभ माझ्यावर गेली आहे. बाकी रंग आईचा.

मंगळवार, ७ मार्च

बिशपकडून काही नाही.

सोमवार, १३ मार्च

आजपासून आमचा ईस्टरआधीचा उपास सुरू. सात आठवडे मांस नाही, अंडं नाही, दूध नाही. कॅथलिकांचा उपास अजून संपला नाही, आमचा सुरू झाला. हे दोन धर्म मिळून चिलीवाल्याला खड्ड्यात घालणार आहेत. अर्गीर असताना उपासातसुद्धा रोज हंडीत चमचा घालायचा. म्हणायचा चाखणं म्हणजे खाणं नव्हे. वाडगाभर चाखायचा.

दुपारी नौम आला. एकटा. काउंटरच्या शेवटच्या स्टुलावर बसला, टोपी मांडीवर. तोमास मागे हंडीपाशी होता, त्यानं मला खुणावलं, तूच जा. मी गेले. म्हटलं, काय पाहिजे? म्हणाला, मुलांबद्दल बोलायला आलोय. मग मुलांबद्दल एक अक्षर बोलला नाही. आमच्या काउंटरवरचं तेल-व्हिनेगर बघत बसला. दोन वाढपी पोरं हातावर सहा-सहा हॉटडॉगच्या बशा रचून नेत होती, ते बघून म्हणाला, अर्गीर आठ न्यायचा. मी म्हटलं, नऊ. म्हणाला, नववी पडायची. मी म्हटलं, हो, नववी नेहमी पडायची.

मग तो उठून गेला.

मंगळवार, २१ मार्च

नौम पुन्हा. या वेळी हातात झाकलेलं पातेलं. मुलांबद्दल बोलायचंय म्हणे. झाकण काढलं तर त्याची चिली. कोकोवाली! अर्गीरच्या दुकानात! मी इकडेतिकडे बघितलं. तोमास बँकेत गेला होता.

म्हणाला, "चाळीस वर्षं झाली, एकदा चाखून तर बघा, वहिनी. मग शिव्या द्या."

उपास चालू आहे, मी म्हटलं. तो म्हणाला चाखणं म्हणजे खाणं नव्हे. त्यालाही ते वाक्य माहीत! एकाच खोलीत झोपायचे ना दोघं.

चाखली. मग आणखी चाखली. वर कांदा घालून चाखली. वाईट आहे, मी म्हटलं, भयंकर आहे, अर्गीर बरोबर होता. आणि ब्रेडच्या तुकड्यानं पातेलं पुसून घेतलं, कारण पातेलं धुवून परत द्यायचं असतं.

फादरना हे सांगणार नाही. तुला सांगते.

रविवार, २ एप्रिल

नौम आला. काही काम नव्हतं.

शुक्रवार, ७ एप्रिल

आज देस्पिना दुकानात येऊन बसली आणि सगळ्यांसमोर म्हणाली की बिशप उत्तर देत नाहीत याचा अर्थ उत्तर 'नाही' असाच आहे, मुलगा तिशीला आला, शिकागोत एक मुलगी आहे, तिचा धर्मबाप बेकरीवाला आहे. स्तेर्यो तिच्या शेजारीच उभा होता. त्यानं आत्याआजीकडे बघितलंच नाही. काउंटरच्या आत शिरला, एव्गेनियाच्या हातातून किसणी घेतली आणि चीज किसायला लागला. आमच्या दुकानात. आमचं चीज. देस्पिना किती वेळ बघत बसली, मग गेली.

बरं किसतो पोरगा. लांब लांब धागे येतात. नौमनं शिकवलंय.

सोमवार, १७ एप्रिल

आज फादरच सांगायला आले. बिशपांच्या कचेरीतल्या कोणी तरी फोनवर म्हटलं, अशी लग्नं लावत नाहीत. लेखी अजून यायचंय, पण आशा धरू नका. फादरनी चारपदरी चिली – स्पॅगेटी, खिमा, कांदा, चीज – सांगितली आणि मग त्यांना आठवलं उपास आहे. नुसती स्पॅगेटी खाल्ली बिचाऱ्यांनी.

एव्गेनिया रडली नाही. हे मला आवडलं नाही. लहानपणी ती पडली की लगेच रडायची, मग बरी व्हायची. आज तिनं सगळ्या टेबलांवरच्या मिठाच्या डब्या भरल्या. रिकाम्या नव्हत्या त्याही.

देवा, मी तुझ्याकडे कधी काही मागत नाही असं मी म्हणत नाही, मी रोज मागते. पण हे दे.

रविवार, ३० एप्रिल

आज ईस्टर. ख्रिस्त उठला आणि आमचं दुकान बंद! सगळी वर आमच्या घरी जेवायला. कोकरू केलं होतं. मीच म्हटलं नौमकडच्यांनाही बोलवा, लग्न होवो न होवो, सण सण आहे. पोरं टेबलाच्या दोन टोकांना बसली होती, भावंडांसारखी. बघवत नव्हतं.

लाल अंडी एकमेकांवर आपटायची वेळ आली, ज्याचं फुटेल तो हरला. नौम माझ्यासमोर बसला होता. माझं अंडं फुटलं, त्याचं राहिलं. म्हणाला पुन्हा. पुन्हा माझंच फुटलं. मी म्हटलं लबाडा, लाकडाचं आणलंस का? त्यानं मला दाखवायला स्वतःचं अंडं टेबलाच्या कडेवर आपटून फोडलं आणि सोलून अर्धं माझ्या बशीत ठेवलं.

मग बाकीची कॉफीला उठली. आम्ही दोघंच राहिलो, आणि कोकराची हाडं. नौम म्हणाला:

"सुलताना."

आता वहिनी, चाळीस वर्षांपूर्वीही वहिनी. माझं नाव त्याला माहीत आहे हेसुद्धा मी विसरले होते.

म्हणाला, मुलांचं जमत नाही. माझी फानी जाऊन सहा वर्षं झाली, अर्गीर जाऊन नऊ. माझ्या स्वयंपाकघरात बोलायला फक्त रेडिओ आहे, आणि त्यावर बेसबॉल. तुझ्या-माझ्या धर्मबापांची तर भानगड नाही, तुझा गावात मेला, माझाही गावात मेला, आणि दोघांचं एकमेकांशी पटायचं नाही.

"बघ. आपलं जमतं का."

मी म्हटलं मी चौऱ्याहत्तरची आहे. तो म्हणाला मी शहात्तरचा, मुलगा मोठा असावा. मी म्हटलं विचार करते. विचार कसला करायचा होता, त्याचं वाक्य पुरं व्हायच्या आधीच माझं हो झालं होतं. पण हो लगेच म्हटलं की पुरुष शेफारतात.

मंगळवार, २ मे

सांगून टाकलं सगळ्यांना. एव्गेनिया आधी इतकी हसली की तिला खाली बसावं लागलं, मग रडली. रडली एकदाची! मला मिठी मारून म्हणाली, आजी, निदान कोणी तरी रस्ता ओलांडू दे.

तोमास म्हणाला, "आई, बाबांना काय वाटेल?"

मी म्हटलं, त्याला जे वाटायचं ते नऊ वर्षांपूर्वी वाटून झालं. तोमास म्हणाला, पण कोको, आई. मी म्हटलं, तू खाऊ नकोस.

त्याला सावरायला वेळ लागेल. चांगला पोरगा आहे. बापासारखा हट्टी.

नौमला फोन करून हो कळवलं. पलीकडून नुसता रेडिओ बंद केल्याचा आवाज आला.

गुरुवार, ४ मे

बिशपांचं उत्तर आलं. फादर धावत आले, दम लागला होता. बिशप लिहितात, दोन धर्मलेकरांनी आपसांत लग्न करू नये असं चर्चच्या नियमात कुठंही नाही, ही त्या भागातल्या खेड्यांची समजूत आहे. मुलांचं लग्न लावायला हरकत नाही.

खेड्यांची समजूत! म्हणजे आम्हीच बांधलेली बेडी. एव्गेनियानं फादरना उचललंच जवळजवळ. किंचाळत रस्ता ओलांडून गेली, सिग्नल न बघता, दोन गाड्यांनी ब्रेक मारले. मी खिडकीतून बघत होते. स्तेर्यो दुकानाच्या दारात ॲप्रनमध्ये. मला पुढचं दिसलं नाही, डोळ्यांत पाणी.

मग देस्पिना आली. दाराशीच उभी राहिली. बोलताना पहिल्यांदाच मान खाली. म्हणाली, सुलताना, दोन घरांत दोन लग्नं होत नाहीत, तुलाही ठाऊक आहे. म्हाताऱ्यांनी केलं की मुलं नात्यात येतात, मुलांनी केलं की म्हातारे व्याही होतात. पहिलं जे लागेल ते दुसऱ्याला आडवं येईल.

ठाऊक होतं. आनंदात विसरले होते. आमच्या गावात एका घराची दुसऱ्या घराशी एकदाच गाठ पडते.

ही पण खेड्याची समजूतच, हे मलाही कळतं. पण बिशपांना पुन्हा विचारायचं आणि पुन्हा अडीच महिने पोरीला मिठाच्या डब्या भरायला लावायच्या? आणि उत्तर आलं तरी देस्पिना आणि निम्मं चर्च लग्नात कुजबुजत उभं राहणार. एव्गेनियाला दोन्ही घरं एका बाजूला हवी होती, तोंड वाकडं करून नव्हे.

नौमला फोन केला. म्हटलं, मुलांचं आधी. आपलं राहू दे. पलीकडे रेडिओ पुन्हा लागला. मग म्हणाला:

"बरोबर आहे तुमचं, वहिनी."

फोन ठेवला. खिमा कुस्करायला खाली गेले. आज मुद्दाम सगळ्या गुठळ्या मीच फोडल्या, पाणी बर्फासारखं गार, बोटं बधिर होईपर्यंत. बरं वाटलं नाही. पण गुठळी एक राहिली नाही.

शुक्रवार, ५ मे

देस्पिनाचा फोन आला. चाळीस वर्षांत पहिल्यांदा बाई उपयोगाचं बोलली. तिच्या मावश्यांचं सांगत होती: दोन बहिणी, एकाच घरातले दोन भाऊ, गावात असंच अडलं होतं. तेव्हा पाद्रीनं चौघांना शेजारी उभं केलं, एकच प्रार्थना, आणि चार मुकुट एकाच श्वासात चढवले. कोण आधी, कोण नंतर, कोणाला सांगता येईना, म्हणून कोणी कोणाच्या आड आलं नाही. तिनं फादरना विचारलंय. ते म्हणाले, नियम गावचा असेल तर पळवाटही गावचीच चालेल.

रविवारी दुपारी येतो म्हणालेत – दोन्ही नवरदेव.